माझ्या काळातली खुर्ची

मुलाने काल नवी खुर्ची आणली. प्लास्टिक काढताच रेक्झीनचा वास आला आणि मी थेट गावच्या ग्रामपंचायतीत जाऊन पोचले.

त्या दिवशी शोभा सरपंच झाली होती. वाशीमच्या कोर्टात वकिली करणारी आमच्या गावची पहिली बाई. काळ्या कोटातच आली. तिच्याआधी पाच वर्षं सरपंच मी होते. म्हणजे सह्या माझ्या आणि खुर्चीत आमचे हे. त्यांनीच सवयीनं खुर्ची ओढली आणि शोभाच्या नवऱ्याला म्हणाले, "या भाऊ, बसा."

"काहून भाऊजी?" शोभा हसून म्हणाली. "निवडून मी आली ना? हे बसतीन तिकडं बाकावर."

सगळे हसले, तिचा नवराही. ती बसली तसं रेक्झीन करकरलं. मी दारात हार घेऊन उभी होते. घरी येऊन मीच म्हणाले, "लय आगाऊ बाई हाय." आजही आठवलं की जळफळाट होतो. तिचं ते एवढंसं वाक्य, पाच वर्षांत मला का सुचलं नाही?

पंचायतीच्या पाटीवर पहिल्या महिला सरपंच म्हणून नाव माझंच आहे. पण ती खुर्ची बसायला कशी होती, ते शोभालाच विचारावं लागेल.