आईचा पाटा आणि राघोकाकाचा सॅल्यूट

राघोकाकाला अख्खी वाडी टरकून असायची, आणि त्याला ते आवडायचं. पंधरा वर्षं फौजेत काढून नाईक होऊन परत आला, मग राहनाळच्या गोदामावर वॉचमन झाला, पण शेळीला हाक मारायचा तीसुद्धा कवायतीच्या सुरात. जेवण बाराला म्हणजे बाराला. बारा-पाचला ताट आलं तर ताडकन उठून जायचा आणि साडेबाराला शेजाऱ्याकडे भाकरी मागून खायचा.

माझ्या बापाचा हा धाकटा भाऊ. मी मंदा, भिवंडीत सरकारी दवाखान्यात नर्स. तोंडाने फटकळ, माझ्या वॉर्डात कुणालाही विचारा. बाप मी पाहिलेला नाही. वाल्मीक त्याचं नाव. दोघे भाऊ एकाच वर्षी भरती झाले. दुसरी मोठी लढाई संपल्यावर बाप छातीचं दुखणं घेऊन घरी आला आणि सत्तेचाळीसच्या मे महिन्यात गेला. मी तेव्हा चार महिन्यांची. काका तिकडे लांब पलटणीत होता. तार वेळेवर गेली, रजा मिळाली सात महिन्यांनी.

आमची वाडी दिघाशीच्या अलीकडे, आणि वाडीचं मसणवट ओढ्याच्या काठाला. जुन्या काळी आमच्यात माती द्यायची रीत होती. उशाला एक दगड ठेवायचा, त्यावर नाव नाही. लिहिणार कोण आणि वाचणार कोण? ज्याचं माणूस त्याला दगड ठाऊक, संपलं. आणि बायांनी मसणवटात पाऊल टाकायचं नाही. घरच्या धन्याला खांद्यावर उचललं की बाईने उंबऱ्यातूनच काय रडायचं ते रडून घ्यायचं.

काका रजेवर आला तेव्हा त्याने विचारलं, "भाऊ कुठं हाय?" एका म्हाताऱ्याने कुंपणाबाहेरूनच काठी वर केली, "त्यो काय, निंबाच्या अंगाला." निंबाच्या अंगाला एक उंच दगड होता. झालं! तेव्हापासून रजा मिळेल त्या साली, आणि फौज सुटल्यावर दर साली, बाप गेल्याच्या तारखेला काका जुना युनिफॉर्म चढवायचा, बूट घासून चकचकीत करायचा आणि त्या दगडापुढे खाडकन सॅल्यूट ठोकायचा. पोट सुटलं, युनिफॉर्मची बटणं लागेनात, तरी सॅल्यूट चुकला नाही.

आईचा हट्ट एकच होता. "मला जाळू नका. तुझ्या बापाशेजारी ठेवा." धम्म घेतल्यापासून आमच्यात अग्नी देऊ लागले होते, वाडीत माती द्यायचं जवळजवळ बंदच झालं होतं. पण आई, कौसल्या नाव तिचं, ऐकून घेईल तर शपथ. म्हणायची, "चार वरसाचा संसार, त्यातली तीन वरसं त्यो पलटनीत. आता तरी शेजारी ऱ्हाऊ द्या मला." एकोणनव्वद साली तिच्या पायांवर सूज आली, चार पावलांत दम लागायला लागला. दोन्ही डोळ्यांत मोतीबिंदू. मी रोज असे पेशंट बघते, मला कुणी सांगायची गरज नव्हती. मी तिला शब्द दिला.

आणि त्याच साली ते मंडळ उगवलं.

भिवंडीतल्या शिकल्यासवरल्या लोकांनी एक इतिहास संवर्धक मंडळ काढलं होतं. अध्यक्ष अवधूत सर, हायस्कुलात इतिहास शिकवायचे. माधवीबाई चिटणीस. सुधीर म्हणून नगरपालिकेतला एक क्लार्क होता, त्याच्याकडे कॅमेरा, म्हणून तो सभासद. माणसं वाईट नव्हती हो, उलट फार चांगली होती, तीच तर पंचाईत. आमच्या वाडीतून अकरा जण फौजेत गेले हे सरांना कुठल्याशा कागदात सापडलं आणि त्यांचा ऊर भरून आला. या वीरांची दफनभूमी जतन करायची असा त्यांनी ठराव केला. दिवस कुठला निवडावा? चौदा एप्रिल! वाडीला आदरांजली म्हणून. त्या दिवशी वाडीतलं चिटपाखरू घरात नसतं, सगळे जयंतीच्या मिरवणुकीत भिवंडीला, हे एवढ्या शिकलेल्या डोक्यांत आलं नाही.

संध्याकाळी निळ्या गुलालाने माखून परत आलो तर मसणवट ओळखू येईना. गवत साफ. काटेरी झुडपं साफ. आणि सगळे दगड, सदतीसच्या सदतीस, उपटून रस्त्याकडच्या कुंपणालगत एका ओळीत मांडलेले. उंचीप्रमाणे! लहान डावीकडे, मोठे उजवीकडे. प्रत्येकाला पांढरा चुना आणि वर लाल रंगात नंबर. शेजारी नवी कोरी पाटी : 'ऐतिहासिक ठेवा. दगडांना हात लावू नये.'

राघोकाका पाटीपुढे उभा राहून ती पुन्हा पुन्हा वाचत होता. मग म्हणाला, "मंदे, ह्यांना कोर्ट मार्शल." आणि खाली बसला.

दुसऱ्या दिवशी सर धावत आले. कळलं तसा त्यांचा चेहरा चुन्यासारखा झाला. "आम्हाला वाटलं, ते असेच विखुरलेत," एवढंच पुन्हा पुन्हा म्हणत होते. काकाने त्यांना आणि सुधीरला उन्हात सावधानमध्ये उभं केलं आणि अर्धा तास झाडलं. पण मंडळ ते मंडळच. चार दिवसांनी छापील अर्ज घेऊन आले. 'दगड ओळख अर्ज', तीन प्रतींत. मृताचे नाव, मृताचा व्यवसाय, आणि सगळ्यांत खाली, 'मृताची सही, असल्यास'. मी सरांना विचारलं, सही घ्यायला मीच जाऊ का खाली? ते म्हणाले, नको, तो रकाना रिकामा चालेल.

रविवारी ओळखपरेड झाली. दगडांची. वाडीतले पुरुष चुन्याने माखलेले दगड हाताने चाचपत फिरत होते. एकाच दगडावर दोघांनी हक्क सांगितला आणि एकमेकांची गचांडी धरली, तर माधवीबाईंनी त्याचीही नोंद इतिवृत्तात केली. पण एक गोष्ट मंडळाच्या हातून नकळत बरी झाली होती. दगड कुंपणाला लागून होते, तेव्हा बायांना रस्त्यावरूनच हात घालता येत होता. मी आईला धरून आणलं. ती कुंपणातून एकेक दगड चाचपत निघाली. एकोणीस नंबरवर थांबली. तो रुंद, चपटा. तिने बोटं फिरवली, मध्ये खोलगट होतं, टाकीचे टवके बोटांना लागत होते.

"ह्यो माझा पाटा," आई म्हणाली.

मला ठाऊकच नव्हतं. बाप गेला त्या दिवशी घरात कुणी बाप्या नव्हता ओढ्यातून दगड आणायला. आईने चुलीजवळचा मसाला वाटायचा पाटा उचलून दिला. पुढे दोन वर्षं शेजारणीच्या पाट्यावर वाटण वाटलं, पण बोलली नाही कुणाला.

काकाचा चेहरा पाहण्यासारखा झाला. "न्हाय वयनी," तो ओरडला. "भावाचा दगुड उंच हाय! निंबाजवळचा! छत्तीस नंबर!"

तेवढ्यात मागून केसरीनाथ पुढे आला. काकाच्याच वयाचा, गरीब स्वभावाचा माणूस. म्हणाला, "अरे राघो, छत्तीस नंबर तर माझी आय."

केसरीनाथची आई बायजाबाई. वाडीची सुईण. अर्धी वाडी तिच्या हातावर जन्मली, काका धरून. केसरीनाथ बिचारा इतकी वर्षं समजत होता की राघो तिला मान द्यायला युनिफॉर्म घालून येतो. म्हणून तर दर साली त्या दिवशी काकाला घरी नेऊन कोंबडीचं कालवण वाढायचा! आणि काका समजत होता, जुना दोस्त भावाच्या दुःखात सामील होतोय. दोघांनी चाळीस वर्षं कोंबडी खाल्ली, पण एकाने दुसऱ्याला विचारलं असेल तर हराम. विचारलं असतं तरी काकाला 'तू चुकतोयस' म्हणायची छाती कुणाची होती?

सगळे हसले. मीही हसले, खोटं कशाला बोलू. काका हसला नाही. त्याने टोपी काढली, घडी करून खिशात घातली आणि घरी निघून गेला. दोन दिवस जेवला नाही, शेजारीसुद्धा गेला नाही. मला त्याची दया आली, आणि दया आली म्हणून रागही आला. पण खरं संकट वेगळंच होतं. दगड सापडला, जागा हरवली. बापाला खांदा देणारे चौघे कधीच गेले होते. आई जागा सांगू शकत नव्हती, कारण तिला कधी आत जाऊच दिलं नव्हतं. मी दिलेला शब्द मी पाळायचा कुठे? त्या रात्री आईने मला विचारलं, "मंदे, मग मला ठेवनार कुठं?"

पुढच्या सुट्टीला मी भांडायच्या तयारीनेच अवधूत सरांच्या घरी गेले. त्यांच्या बाहेरच्या खोलीतच मंडळाची कचेरी होती. सरांनी चहा मागवला, आणि काय बोलावं सुचेना तेव्हा माणूस जे करतो ते केलं, फोटोंचा अल्बम दाखवला. पहिल्याच पानावर 'कामापूर्वी'. सगळं मंडळ झाडू, घमेली, कुदळी घेऊन गवतात उभं. सरांचे गुडघे दुखत होते म्हणून ते मधोमध बसलेले. एका चपट्या दगडावर. खोलगट, टाकी लावलेल्या.

मी कप खाली ठेवला. मी म्हटलं, "सर, तुम्ही माझ्या बापावर बसलायत."

सर खुर्चीतून उठून उभे राहिले. तिथल्या तिथे.

मग जे झालं ते भिवंडी तालुक्यात कुणी पाहिलं नसेल. पुढच्या रविवारी अख्खं मंडळ तेच कपडे घालून, तेच झाडू घेऊन मसणवटात हजर. सुधीर पूर्वीच्याच जागी, कॅमेरा डोळ्याला, फोटो हातात. आणि कमांड राघोकाकाकडे. अंगात पुन्हा वारं भरलं होतं त्याच्या. "माधवीबाई, बाएं मूड! झाडू खांद्यावर! सर, दोन पावलं पिछे!" फोटोत निंबाचा फाटा सरांच्या उजव्या कानाला टेकलेला होता, तसाच टेकायला हवा होता. बसायला दगड नाही, म्हणून सर दुखऱ्या गुडघ्यांवर अधांतरी बसत होते, उठत होते, पुन्हा बसत होते. मी रंगाचा रिकामा डबा खाली सरकवला. एकदा फाटा डोक्यावर जायचा, एकदा नाकातून निघायचा. वाडीची पोरं कुंपणावर बसून टाळ्या वाजवत होती. दीड तासाने सुधीर किंचाळला, "जमलं! सर, हलू नका!"

सर हलले नाहीत. त्यांच्या डोळ्यांतून पाणी वाहत होतं, ते पुसायलाही त्यांनी हात उचलला नाही. काकाने डब्याखालच्या जमिनीत खुंटी ठोकली.

मी वळून आईला आत आणायला निघाले, तर दोन म्हातारे आडवे आले. बायांनी आत यायचं न्हाय, रीत हाय. मी तोंड उघडायच्या आत काका गरजला, "ह्या माधवीबाई काय बाप्या हायत? दोनदा आत आल्या, झाडू मारला, आभाळ पडलं का? आमच्या रीतीनंच आमचा मानूस हरवला. रस्ता सोडा!" म्हाताऱ्यांनी सोडला.

आई खुंटीजवळ मांडी घालून बसली. माती चाचपली, उशाला तिचा पाटा ठेवला होता तोही चाचपला. मग मान वर करून, कुणाकडेच न बघता म्हणाली, "रोज ह्या कुंपनाच्या कडनं लाकडाच्या मोळ्या आनल्या. धा पावलांवर व्हता. मला कुनी सांगितलंच न्हाय." काका तिच्यापुढे उभा होता. इतकी वर्षं सॅल्यूट ठोकणाऱ्या त्या माणसाला हात कुठे ठेवावेत कळत नव्हतं. शेवटी तो तिच्यासमोर उकिडवा बसला आणि म्हणाला, "वयनी, मीबी तुला कदी इचारलं न्हाय."

ब्याण्णवच्या मार्चमध्ये आई गेली. खड्डा खुंटीच्या डाव्या अंगाला खणला. अवधूत सर आले होते, मागे उभे होते, हातात फाइल वगैरे काही नव्हतं. तिरडी कुंपणाशी आली तशी रिवाजाप्रमाणे बाया मागे थांबल्या आणि पुरुष पुढे सरकले. राघोकाका फाटकात आडवा उभा राहिला. पुरुषांना हाताने थांबवलं, आमच्याकडे बघितलं आणि कवायतीचा सूर जरासुद्धा न लावता म्हणाला, "आदी बाया." पहिली मूठ माती मी टाकली.