मुलुंडकडे वळलेला धूर

अंधेरीला विमानतळाजवळच्या हवामान कचेरीत मी नोकरीला लागले, तेव्हा उपग्रहाची चित्रं यंत्रातून ओलसर कागदावर उमटत. ती वाळवायची, त्यांवर वेळ लिहायची आणि साहेबांपुढे ठेवायची, एवढंच माझं काम.

त्या मार्चमध्ये आमच्या मुलुंडच्या चाळीमागचा डोंगर पेटला. वणवा दरवर्षीच लागायचा, पण या वेळी तो विझेना. बाबांची हयात गिरणीत गेलेली, छातीत कापसाची धूळ बसलेली. दुपार कलली की धूर घरात शिरायचा आणि ते खाटेवर उठून बसायचे.

दुसऱ्या दिवशीच्या चित्रात डोंगराच्या जागी मला एक फिकट पट्टा दिसला. साहेब म्हणाले, "कागदावरचा डाग असेल." तिसऱ्या दिवशी तो पुन्हा आला, जास्त लांब. आता त्यांनी भिंग लावलं आणि पट्ट्याचं टोक शोधलं.

"ढग असा एका जागेपासून निघत नाही. धूरच आहे हा," ते म्हणाले. मग वाऱ्याच्या नोंदी काढल्या. सकाळी वारा जमिनीवरून, म्हणजे धूर बोरिवलीकडे. दुपारी समुद्रावरून, म्हणजे थेट मुलुंडवर. "अजून चार-पाच दिवस तरी वारा असाच राहील. घरी कोणी आजारी आहे का?"

मी बाबांच्या छातीचं सांगितलं. त्यांनी मला लगेच घरी जायला सांगितलं.

बाबा घर सोडून यायला तयार होईनात. "मी खय येवचंय नाय," म्हणाले. मी पिशवीतून चित्राची जास्तीची प्रत काढली. आपलं घर कुठे ते बोटाने दाखवलं. त्यांनी पट्ट्यावरून नख फिरवलं आणि चपला घातल्या. संध्याकाळी मी त्यांना अंधेरीला मावशीकडे पोचवलं. तिथे ते पहिल्याच रात्री आडवे होऊन झोपले.

आमच्या भिंतीपलीकडे बाबांच्याच खात्यात काम केलेले एक काका राहायचे. त्यांची छातीही तशीच. त्या संध्याकाळी आम्ही निघताना काका दारात बसले होते. "खय चाललास रे?" त्यांनी विचारलं. बाबांना धाप लागली होती, म्हणून मीच उत्तर दिलं, "मावशीकडे, दोन दिवस." चित्र पिशवीतच होतं. रिक्षा थांबली होती, मी घाईत होते.

वणव्याच्या पाचव्या दिवशी काकांना इस्पितळात नेलं. ते परत आले नाहीत.

बाबा घरी आले ते थेट त्यांच्या दाराशी गेले. आत काकू भिंतीला टेकून बसल्या होत्या. बाहेर आल्यावर बाबांनी मला एवढंच विचारलं, "तेका सांगितलंस?"

"नाही."

पुढे कित्येक दिवस ते माझ्याशी कामापुरतंच बोलले. मी काकूंकडे गेले आणि सगळं सांगितलं. त्या म्हणाल्या, "सांगितलं असतंस तरी ते गेले नसते गं." ते खरं असेल. पण सांगायचं राहिलं ते माझ्याकडूनच.