दरीच्या काठावर एकट्या सासूबाई

सर्व आप्तेष्टांना अत्यंत गंभीरपणे कळवण्यात येते, की आमच्या हॉलमधल्या फोटोत सासूबाई अजस्र दरीच्या काठावर एकट्या उभ्या दिसतात, ही शुद्ध फसवणूक आहे. त्या दुपारी ओमानमधल्या जबल शम्स डोंगरावर, दरीच्या कठड्याशी जत्रा लोटली होती. ऊन चटके देत होतं, वारा सासूबाईंचा पदर उडवत होता आणि दुसऱ्या दिवशी त्यांचं परतीचं विमान होतं. “ओमानात वाळूशिवाय असतं काय?” असं त्यांच्या धाकट्या बहिणीनं हिणवलं होतं, म्हणून तिला दाखवायला त्यांना दरीसोबत एकटीचा फोटो हवा होता. पण मी मोबाइल धरला, की कुणीतरी सेल्फी काढत मध्ये यायचं. “हा टोपीवाला माझा कोण लागतो? हटवा त्याला!” त्या करवादायच्या. मी अगदी हात टेकले, तेवढ्यात एका ओमानी गाइडनं आपल्या पर्यटकांना बसकडे बोलावत आरोळी ठोकली, “खलास! खलास! यल्ला!” म्हणजे झालं, चला आता. माणसं भराभर पळाली. सासूबाईंना अरबी कुठलं येतंय? त्यांनी आपलं मराठी खलास ऐकलं आणि “अगं बाई, कोण पडलं?” म्हणत त्या दरीत डोकावल्या. मग त्यांना रिकामा कठडा दिसला. त्यांनी झटकन पदर सावरला. पुढच्या आठवड्यात त्या बहिणीला घेऊन पुन्हा येतायत, म्हणून आज फोटोची काच पुसतोय आणि त्यांचा तो खणखणीत आवाज कानात घुमतोय: “कोण खलास झालं ते मागाहून बघू, जावईबापू, आधी फोटो काढा!”