पाच भोकांचं पान

शहर पोलिसांच्या रेकॉर्ड खोलीत वह्या बांधणाऱ्या माणसाला सगळे मोजणीमामा म्हणायचे, आणि ते काही लाडाने नव्हे. एखादी जुनी वही कोणी मागितली की मामा देताना पानं मोजायचा, आणि परत घेताना पुन्हा मोजायचा. फौजदार असो की शिपाई, मोजून होईपर्यंत समोर उभं राहायचं. "मामा, पानं काय खिशात घालून नेणार आहे का मी?" कोणी वैतागून विचारलंच, तर म्हणायचा, "खिसे अजून बघितले नाहीत मी तुमचे."

घरीसुद्धा हाच प्रकार. मामीने चहात साखर कमी घातली, तर याला वाटायचं, डॉक्टरांनी हिला आपल्याबद्दल काहीतरी सांगितलंय आणि ही लपवतेय. सुतावरून स्वर्ग गाठणारा माणूस. पण खरं सांगायचं तर त्या इमारतीत चौतीस वर्षं काढली की कोणीही असाच होईल. भोळ्यांचं तिथं काय काम!

त्या वह्या म्हणजे पोलीस ठाण्यांच्या रोजच्या नोंदी. कोणाला आणलं, कधी आणलं, कधी सोडलं. शंभराहून जास्त वर्षांच्या वह्या छतापर्यंत रचलेल्या होत्या. मामाने त्यातली एक ओळ कधी वाचली नाही. "मोजणं माझं काम, वाचणं त्यांचं. जो वाचतो तो अडकतो," असं तो छाती फुगवून सांगायचा.

तर एके दिवशी सकाळी रेकॉर्डच्या साहेबांनी त्याला बोलावलं आणि बसायला खुर्ची दिली. कधी नाही ते खुर्ची! मामाच्या मनात पाल चुकचुकली. वर साहेबांनी विचारलं, "मामी बऱ्या आहेत ना?" आता मात्र मामा खुर्चीच्या काठावर सरकला.

काम साधंच होतं. तेरा वर्षांपूर्वी एका टॅक्सीवाल्याला चौकशीसाठी ठाण्यात नेलं होतं आणि दुसऱ्या दिवशी तो पुलाखाली मेलेला सापडला. ठाण्याची वही म्हणत होती, त्याला संध्याकाळी सात वाजता सोडलं. त्याची बहीण, एका शाळेतली शिक्षिका, म्हणत होती की नऊ वाजता तिने त्याला कोठडीच्या गजांतून स्वेटर दिला. इतक्या वर्षांनी तिच्या अर्जावर चौकशी बसली होती. उद्या निवृत्त न्यायाधीश बाईंपुढे सुनावणी होती.

"वही जशीच्या तशी आहे, शिलाई तुमची आहे, एवढं लिहून सही करा," साहेब म्हणाले. "तुमचा शब्द म्हणजे काय मामा, सगळं शहर मानतं."

शहराला मामा जन्मला की मेला हेही माहीत नव्हतं. गोड बोलणाऱ्याचं त्याने आजवर कधी ऐकलं नव्हतं. वही घेऊन तो खिडकीशी गेला. शिलाई त्याचीच होती, गाठ आतल्या बाजूला, त्याच्या सवयीची. पानं मोजली. बरोबर भरली. सही करायला हरकत नव्हती, पण संशयी माणसाला बरोबर भरलेलंच जास्त टोचतं. चार कागद एकात एक दुमडून शिवले की त्याला जुज म्हणतात. त्याने सातवाली नोंद असलेलं जुज उघडलं आणि एकेका कागदाची घडी उजेडाला धरली.

बाकीच्या सगळ्या कागदांच्या घडीत दहा-दहा भोकं होती. या एका कागदात पाचच.

मामाने ती पुन्हा मोजली. त्याचं असं आहे: जुनी वही उसवून पुन्हा शिवायची तर पहिली पाच भोकं सैल झालेली असतात, त्यांत दोरा घट्ट बसत नाही. म्हणून शेजारी नवी पाच पाडायची. म्हणजे दोनदा शिवलेल्या वहीत कागदाला दहा भोकं असणारच. पाच भोकांचा कागद पहिल्या शिलाईच्या वेळी त्या वहीत नव्हताच.

आणि दुसरी शिलाई कोणाची? त्याची स्वतःची! बारा वर्षांपूर्वी दलाच्या इतिहासाचं प्रदर्शन भरलं, तेव्हा "पुठ्ठे फाटलेत, नीट करा" म्हणून आठ दिवसांत तीस वह्या त्याच्या टेबलावर आल्या होत्या, आधीच उसवलेल्या. त्याने पानं मोजली, बरोबर भरली, जुजं रचली आणि दाभणाने सरळ भोकं पाडली. घडी बघितली नाही. ज्याने आयुष्यभर सगळ्या दुनियेचे खिसे तपासले, त्याच्या हातून हे पाप शिवलं गेलं होतं.

"करताय ना सही?" साहेब मागे येऊन उभे होते.

"चष्मा घरी राहिला, साहेब. उद्या तिथंच सांगतो."

"कपाळावर आहे तुमच्या."

"हा लांबचा," मामा म्हणाला आणि वही साहेबांच्या हातात न देता सरळ सुनावणीच्या कारकुनाकडे जमा केली. पावतीही घेतली. पावतीवरची पानसंख्या दोनदा वाचली.

घरी मामीला सांगितलं. क्वार्टर सरकारी, निवृत्तीला चार महिने. "अहो, तुमच्यावरच येईल ना सगळं?" तिने विचारलं.

"येईल."

"मग शर्ट इस्त्री करून ठेवते," ती म्हणाली आणि उठली. मामाला रडू आलं. या बाईवर त्याने साखरेवरून संशय घेतला होता!

सुनावणीत पोलिसांच्या वकिलांनी पहिलाच प्रश्न विचारला, "शिलाई तुमचीच?"

"माझीच."

वकील हसून खाली बसायला लागले, तोच मामा म्हणाला, "बाईसाहेब, वही खिडकीशी घेऊन येता का?" न्यायाधीश बाई खरोखरच उठल्या. मामाने दोन शिलायांचा हिशेब सांगत एकेक घडी उघडून दाखवली. बाईंनी स्वतः बोट ठेवून भोकं मोजली. दहा, दहा, दहा. मग पाच.

"हा कागद कोणी घातला?"

"बदलला कोणी ते मला माहीत नाही. शिवला मी. न बघता. तसं लिहून घ्या."

साहेबांनी मान फिरवली. कारकून लिहीत राहिला. बाईंनी पोलीस अधीक्षकांना त्या वर्षाच्या सगळ्या वह्या संध्याकाळच्या आत आणून द्यायला सांगितलं, आणि जेवणासाठी काम थांबलं.

बाहेर ओट्यावर ती शिक्षिका एकटीच उभी होती. मामा जवळ गेला आणि हात जोडले. ती आभार मानेल असं त्याला क्षणभर वाटलं होतं, खोटं कशाला बोलायचं.

"आई मागच्या वर्षी गेली," ती म्हणाली. "मी तिला शंभरदा सांगितलं, नऊ वाजता तो आतच होता, मी पाहिलाय. तिचा विश्वास बसला नाही. म्हणायची, सरकारी वहीत सात लिहिलंय, ते काय खोटं लिहितील? सातला सुटला आणि घरी आला नाही, म्हणजे गेला असेल दारू प्यायला. त्याचा फोटोसुद्धा तिने भिंतीवर लावू दिला नाही."

तिने पर्समधून तो फोटो काढला आणि त्याच्यासमोर धरला.

"हा बघा. दारूला कधी शिवला नव्हता तो."