सुतळीचं टोक

इमारतीखालच्या किराणावाल्याने हाक मारली, ठाण्याहून फोन आहे म्हणून. मी ऑफिसला जायला बूट घालत होतो. फोनवर टेंभी नाक्याजवळच्या आमच्या जुन्या चाळीतले नाना होते. दादा गेला. सकाळचा चहा पिता पिता भिंतीला टेकला, आणि गेला...

डोंबिवलीहून ठाण्याला पोचेपर्यंत मला रडू आलं नाही. आलं ते चाळीच्या अंगणात. बांबू येऊन पडले होते, कामट्या होत्या, पेंढा होता, आणि वीसेक माणसं नुसती उभी होती. चाळीत कुणीही गेलं की तिरडी दादाच बांधायचा. इतकी वर्षं कुणाला बोलवायलाही जावं लागलं नव्हतं. बांबू आले की तो येतोच, या सवयीने सगळे थांबले होते.

माझा हा थोरला भाऊ वसंत. मी दादा म्हणायचो म्हणून पुढे सगळा नाका दादा म्हणायला लागला. मांडव घालणं हा त्याचा धंदा. अण्णांचं, म्हणजे आमच्या वडिलांचं, दुखणं सुरू झालं तेव्हा तो नववीत होता. शाळा सोडून मांडववाल्याकडे लागला, आणि बांबू वाहता वाहता त्याने माझं कॉलेज केलं, ताईचं लग्न केलं. लग्नसराईत, नवरात्रात तो जमिनीवर कमी आणि बांबूवर जास्त असायचा. पण काम कळव्याला असो की भिवंडीला, दुपारी जेवायला घरीच. वहिनी आणि सुमन, त्याची एकुलती मुलगी, ताटं घेऊन थांबलेल्या असायच्या. वरणभातासाठी एवढी पायपीट कशाला, असं मी चिडवायचो. तो भात कालवत राहायचा.

ऐंशी सालाच्या सुरुवातीला अण्णा गेले. दादा अंगणात तिरडी बांधायला बसला आणि मला हाक मारून म्हणाला, "धर हे टोक. शिकून घे." मी दोन वेढे घेतले, गाठ सैल पडली. "सोड. परत बांध," तो म्हणाला. मी नाही बांधली. मी बी.कॉम. झालेलो, कल्याणला सरकारी नोकरी नुकतीच लागलेली, ऑफिसातले दोघं-तिघं अंगणात उभे होते. "तू आहेस ना," मी म्हणालो, "मला शिकून काय करायचंय?" आमच्या वडिलांची तिरडी त्याने एकट्याने बांधली. आता खोटं कशाला बोलू, मला त्या कामाची लाज वाटली होती... आणि थोडी त्याचीही.

पुढे मी डोंबिवलीत ब्लॉक घेतला आणि तूही इकडेच ये म्हणून त्याच्या मागे लागलो. तो बघायला आला, खुर्चीच्या कडेवर बसला आणि म्हणाला, "समोर कोण राहतं रे?" मला नाव माहीत नव्हतं. "मग तुझ्याकडे काही झालं तर येणार कोण?" मी ते हसण्यावारी नेलं. तो संध्याकाळच्या आत ठाण्याला परतला आणि ब्लॉकचा विषय पुन्हा निघाला नाही.

तर त्या सकाळी सगळे माझ्याकडे बघायला लागले. मांडववाल्याचा भाऊ ना मी. "बस बाबा, आता तूच बांध," नाना म्हणाले. मी बसलो. दोनदा गाठ बांधली, दोन्ही वेळा कामटी घसरली. एवढ्या लोकांची नीट सोय लावणारा माझा भाऊ माझ्यामुळे वाटेत खाली येणार, या भीतीने मला पुढचं काही दिसेना.

तेवढ्यात जिन्यावरून सुमन आली. एकोणीस वर्षांची पोर, डोळे सुजलेले, हातात दादाचा सुतळीचा गुंडा. मुलींनी हे करू नये, असं कुणीतरी पुटपुटलं. तिला येतं ना, मग बांधू दे, असं म्हणून नानांनी त्याला गप्प केलं. ती माझ्यासमोर बसली, माझ्या गाठी सोडल्या आणि एकेक कामटी बांधत गेली. प्रत्येक गाठ झाली की त्यावर गुडघ्याने भार देऊन बघायची, अगदी दादासारखी. त्याने तिला कधी शिकवलं, मला पत्ताही नव्हता. स्मशानापर्यंत एकही कामटी हलली नाही.

याला दीड महिना झाला. रविवारी मी ठाण्याला जातो. दाराजवळच्या खिळ्याला तो गुंडा अजून आहे. पुढच्याला शोधत बसायला लागू नये म्हणून दादा सुतळीचं टोक गुंड्यात वरच खोचून ठेवायचा. सुमनही तसंच ठेवते. परवा मी तो गुंडा काढला, टोक लगेच हाताला लागलं. वहिनी आत होत्या. गॅलरीत दादाचे दोन बांबू पडून होते, ते घेऊन बसलो आणि सुमनला म्हटलं, शिकव मला. दोन वेढे घेतले. पुन्हा सैल.

तांदूळ निवडता निवडता तिने मान वर करून बघितलं.

"सोडा काका," ती म्हणाली. "परत बांधा."

मी गाठ सोडली, आणि परत बांधायला घेतली.