आधी उलटा फेरा

जालन्याच्या औद्योगिक वसाहतीतल्या एका शेडमध्ये वंदना विजेच्या पॅनेलचे लोखंडी डबे जोडते. तिथल्या स्क्रूला नट लागत नाही. पत्र्याला साधं भोक असतं. स्क्रू दाबून फिरवला की तो धातूला बाजूला सारत स्वतःचे आटे स्वतः पाडतो, कीसही पडत नाही. वरून गोल दिसतो, पण चिमटीत धरला की तीन बोथट कडा जाणवतात.

लग्नानंतरच्या पहिल्या उन्हाळ्यात हे काम तिला अंगदनं, तिच्या नवऱ्यानं, शिकवलं. तेव्हा दोघं एकाच टेबलावर समोरासमोर उभे असायचे. चार वर्षांपूर्वी तो चाकणच्या मोठ्या कंपनीत गेला. आधी दर पंधरवड्याला यायचा, मग सणासुदीला.

या चतुर्थीला राजूरच्या गणपतीचं निमित्त करून तो तीन दिवस घरी आला. शेडचे मालक धर्मराजशेठ वंदनाला म्हणाले होते, फिटिंगला जुना माणूस पाहिजे, अंगद येतो का ते सोमवारी सांग. दोन दिवस तिला विषय काढता आला नाही.

रविवारी दुपारी कूलर बंद पडला. अंगदनं मागचा पत्रा खोलला, पंपातला गाळ काढला आणि पत्रा परत लावायला घेतला. स्क्रू भोकात ठेवून त्यानं पेचकसानं सरळ जोर लावला. दुसऱ्याच फेऱ्याला तो तिरपा अडकला.

वंदना परातीत पीठ मळत होती. "आधी उलटा फिरवा," ती म्हणाली. "जुना आटा सापडला की टक्कन खाली बसतो. मंग आवळायचा. न्हाईतर नवे आटे पडतेत अन् भोक वाया जातं."

त्यानं तसं केलं. स्क्रू बरोबर बसला. तो हसला. "लई कारागीर झालीस की. कुणी शिकवलं गं?"

तिचे हात थांबले. त्यानं तेव्हा तिचं मनगट धरून उलटा फेरा दिला होता आणि विचारलं होतं, आटा लागला का हाताला? दिवसभर ते मनगट तिला वेगळंच वाटत राहिलं होतं.

"तुम्हीच," ती म्हणाली.

"मी?" तो खरंच आठवू लागला. तिला त्याच्या चेहऱ्यावर ते दिसलं. "असंल. तिकडं मशीननं बसवतो आम्ही. डबा पुढं गेला की गेला, परत खोलायचं कामच न्हाई."

मग तिनं शेठचा निरोप सांगितला. तो पेचकस पुसत बसला. तिकडं आता हात बसलाय, म्हणाला. अजून दोन वर्षं तरी काढावी लागतील.

"मंग मी येऊ तिकडं?"

"एका खोलीत सहाजण राहून राह्यलो आम्ही, वंदना."

सोमवारी सकाळी तो पहिल्या गाडीनं गेला. शेडमध्ये धर्मराजशेठ दारातच उभे होते. अंगदचं काय ठरलं, त्यांनी विचारलं.

"विचार करून राह्यलेत," वंदना म्हणाली. "गुरुवारपर्यंत थांबता का?"

शेठनी मान डोलावली. ती टेबलापाशी गेली. मधे तीन दिवस होते, आणि गुरुवारपर्यंत तरी शेडमध्ये कुणी अंगद येणार नाही असं म्हणणार नव्हतं.