पितळी चाकाचा निकाल

सिंगापुरात, सेंगकांगच्या आमच्या फ्लॅटमध्ये रविवारी दुपारी संशोधन चालायचं. नवरा आणि त्याचे दोन मित्र, तिघेही पुण्याचे मेकॅनिकल इंजिनिअर, सकाळी मेटल डिटेक्टर घेऊन चांगीच्या किनाऱ्यावर जायचे आणि वाळूतून निघालेलं किडुकमिडुक हॉलमध्ये मांडून ओळखत बसायचे. माझ्याकडे चहाचं खातं. पुण्यात मी शाळेत विज्ञान शिकवायचे. इथे नोकरी नव्हती आणि माझं मतही कुणी विचारत नव्हतं. त्याचा मला मनस्वी राग यायचा.

एकदा एक पितळी वस्तू मिळाली. हिरवट पडलेला बोटभर दांडा, टोकाला दातेरी चाक, तेही वाळूनं घट्ट बसलेलं. तिघांनी व्हर्नियर कॅलिपर काढला, दाते मोजले, गिअर रेशोचं गणित मांडलं आणि निकाल दिला: जुन्या जहाजावरच्या उपकरणाचा भाग! दुसरं चाक कुठेच नव्हतं, तरी रेशो निघाला होता.

"अरे, हे करंजीचं कातणं आहे," मी कप ठेवता ठेवता म्हटलं.

"तुला सगळीकडे स्वयंपाकघरच दिसतं," नवरा हसला.

"आणि तुम्हाला सगळीकडे जहाज."

पुढच्या रविवारी त्यांच्या हौशी क्लबचं प्रदर्शन होतं. तिथे हे जहाज मांडलं असतं तर नवऱ्याचं हसं झालं असतं, आणि मी चहावालीच राहिले असते. दोन्ही मला नको होतं. मी कणीक तिंबली आणि ती पितळी वस्तू उचलली.

"घासायचं नाही हं! जुनेपणा जातो," तो ओरडला.

"घासत नाही." खोबरेल तेलाचा थेंब सोडला, टाचणीनं वाळू टोकरली. चाक कुरकुरलं आणि फिरलं. पुरी लाटली, दुमडली, तिघांसमोर कडेनं चाक फिरवलं. नागमोडी काठ सरसर सुटत गेला. एक मित्र पुटपुटला, "तरी जहाजावरही असू शकतं."

"असू दे. करंज्या करत असतील."

प्रदर्शनात तरीही नवऱ्यानं जहाजाचंच कार्ड लावलं होतं. क्लबमधल्या एका चिनी आजोबांनी ते कातणं हातात घेतलं मात्र, त्यांचा चेहरा उजळला. "माय मदर ऑल्सो हॅव! पायनॅपल टार्ट लाह!" करंजी की टार्ट, ते त्या चाकालाच ठाऊक. पीठ कापायचं ते, एवढं नक्की. माझी मान ताठ झाली.

नवऱ्यानं मुकाट्यानं जहाजाचं कार्ड फाडलं आणि इंग्रजीत नवं लिहिलं. शोधलं, त्यापुढे त्याचं पूर्ण नाव. ओळखलं, त्यापुढे "माय वाइफ".

मी कार्ड त्याच्यापुढे सरकवलं. "तिला नाव आहे."

त्यानं माझ्याकडे पाहिलं, खोडलं आणि लिहिलं. माझं नाव, आडनावासकट, त्याच्या नावाहून जरा मोठ्याच अक्षरात. संध्याकाळपर्यंत मी त्या टेबलाशेजारून हलले नाही.